खोट आधी, वाटा मग

माणसानं लेकीचं कौतुक करावं, पण त्याला काही वेळकाळ असावा की नाही? महागावच्या बाजारात कापसाची गाडी उभी आहे, मागचे गाडीवाले शिव्या घालताहेत, आणि आमचा हरिसिंग नायक काट्याजवळ उभा राहून सांगतोय, "आमची शीला समुद्रातल्या मासोळीच्या चरबीचा अभ्यास करून राह्यली, मालूम हाय का?" काटेवाल्यानं मान वर करून आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. कापूस विकायला आलेल्या माणसानं चरबीची गोष्ट का काढावी, हे बिचाऱ्याला कळेना. शेवटी मीच नायकाचा हात धरून त्याला बाजूला ओढला.

मी पुंडलिकराव. माझं शेत आणि हरिसिंग ज्याचा नायक, म्हणजे प्रमुख, आहे तो बंजारा तांडा यांच्यामध्ये फक्त एक नाला आहे. आमच्यात तेवढाच फरक, असं मी म्हणतो. तो म्हणतो, "फरक लय हाय, पाटील बोकड खात नाही." हे मात्र खरं. माझ्या बायकोनं, कोकिळेनं, गळ्यात माळ घातली तेव्हापासून आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि नशीब बघा, माशाच्या चरबीबद्दल मला जेवढं ऐकावं लागलं, तेवढं रोज मासे खाणाऱ्यालाही ऐकावं लागलं नसेल.

शीला ही हरिसिंग आणि रुपीबाईची धाकटी लेक. मासे आणि त्यांची पैदास शिकवणाऱ्या कॉलेजात तिचा नंबर लागला आणि ती कोकणात निघाली, तेव्हा तांड्याचा कारभारी देवसिंग म्हणाला होता, "मासोळ्या धराले कालेज कायले पाह्यजे? इसापूरच्या धरणावर बसव तिले." तांडा खदाखदा हसला. हरिसिंगही हसला, पण घरी येऊन दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवून आला. पोरगी शिकत शिकत डॉक्टरेटपर्यंत गेली. देवसिंगचं वाक्य मात्र नायकाच्या घशात काट्यासारखं अडकून राहिलं होतं.

तिचा अभ्यास काय, ते तिनंच मला एकदा बांधावर बसून सांगितलं होतं. कोकणात जिताडा नावाचा मासा असतो. समुद्रात जाळीचे पिंजरे सोडून त्यात तो वाढवतात, जशा आपण कोंबड्या पाळतो. त्याला जे खाद्य देतात, त्यात माशाचंच तेल घालतात. ते तेल बारक्या समुद्री माशांना पिळून काढतात. म्हणजे एक मोठा मासा पोसायचा तर टोपलंभर बारके मासे मारायचे. मग माशाच्या तेलाऐवजी एखाद्या पिकाचं तेल घातलं तर? मासा वाढेल का? आणि वाढला तरी त्याच्या मांसात ती चांगली चरबी राहील का, जिच्यासाठी डॉक्टर लोक समुद्राचा मासा खा म्हणून सांगतात? पोराच्या मेंदूला, डोळ्याला, म्हाताऱ्याच्या काळजाला लागते ती.

आणि एक दिवस तिचा फोन आला, "बा, आपल्याकडं अजून जवस पेरतेत का?"

बाजारातल्या तेलाचा तिला भरवसा नव्हता. जवसाचं तेल फार लवकर खवट होतं. ते कोणत्या शेतातलं, कधी काढलं, कसं ठेवलं, हे तिला पक्कं माहीत हवं होतं. आता आमच्याकडे विकण्यासाठी जवस कोण पेरतं? हरभऱ्याच्या कडेनं दोन-चार ओळी टाकायच्या, चटणीपुरत्या आणि बाळंतिणीच्या लाडवापुरत्या. पण हरिसिंगनं तांडा गोळा केला. घरटी पायली-पायली जवस मागितलं. मीसुद्धा नाला ओलांडून माझी पायली नेली. तिथं देवसिंगनं रीतीवर बोट ठेवलं.

"जवस देऊ. पण नायक, ज्याचा घास हंडीत, त्याचा वाटा ताटात. आमचा वाटा?"

"येईन," हरिसिंग म्हणाला. "मासा तांड्यावर येईन. घरटी वाटा होईन."

महागावच्या लाकडी घाण्यावर तेल निघालं, ऊन लागू नये म्हणून काळ्या फडक्यात गुंडाळून डबे कोकणात गेले, आणि त्या दिवसापासून हरिसिंगच्या जिभेला हाड राहिलं नाही. महागावात सांगितलं, उमरखेडला सांगितलं, ढाणकीच्या आठवडी बाजारात तर भर रस्त्यात सांगितलं, "समुद्राचा मासा आमच्या जवसावर वाढून राह्यला." ढाणकीला इंद्रजित नावाच्या दुकानदारानं ते ऐकलं. बियाणं-खतांचं दुकान, अंगावर इस्त्रीचा शर्ट, बोलणं साखरेच्या पाकातलं. त्यानं हरिसिंगला खुर्ची दिली, चहा पाजला आणि तांड्याचं सगळं जवस दरवर्षी घेईन असा शब्द दिला. तेल बाटल्यांत भरायचं, वर उडी मारणाऱ्या माशाचं चित्र काढायचं आणि लिहायचं, 'समुद्राची ताकद आपल्या जवसात.' फक्त शीलाताईंनी चार लोकांत एकदा तसं सांगायचं. तो त्याचा व्हिडिओ काढणार होता.

होळीच्या दिवशी शीला आली. होळीला तांडा भरलेला असतो. पुण्याकडे, मुंबईकडे कामाला गेलेली सगळी माणसं घरी येतात. वाट्यासाठी तिनं तोच दिवस धरला होता. हरिसिंग मांडवाच्या गडबडीत, म्हणून तिला आणायला महागावच्या स्टँडवर मी गेलो. नांदेडच्या एसटीतून ती थर्माकोलचे दोन मोठे डबे घेऊन उतरली, आणि मागे कंडक्टर, "बाई, पुन्हा असा माल घेऊन माझ्या गाडीत चढू नका." शीला त्याला म्हणाली, "बर्फात आहेत, वास तुमच्या डिझेलचा येतोय." पोरगी बापाचीच, यात मला कधीच शंका नव्हती.

माझ्या गाडीत डबे ठेवले आणि गाव मागे पडलं.

"काका," ती म्हणाली, "जवसाचा मासा मस्त वाढला. वजनात कुठं कमी नाही. पण त्याच्या मांसात जी चरबी पाह्यजे होती, ते निम्म्यावर आली."

मला कळलं नाही. तिनं समजावलं. जवसात एक चांगली चरबी असते. तिच्यापासून समुद्रवाली चरबी शरीरानं बनवायची असते. पण जिताड्याला ते नीट जमत नाही. जवसाची चरबी तशीच त्याच्या अंगात साठते आणि समुद्राची कमी होते. "आपल्यालेबी जमत नाही, काका. थोडी बनते, लय नाही."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. इंद्रजित म्हणते तशी समुद्राची ताकद जवसात नाही. बाले काल फोनवर सांगाले गेलती, त म्हणे, आता नोको सांगू, उद्या सगळ्याइच्या समोर सांग."

मी गाडी बाजूला घेतली. हरिसिंगला मी ओळखतो. या माणसानं दोन तालुक्यांत डंका पिटला होता. देवसिंग दात कोरत बसला असणार. तांड्याचं जवस जाणार होतं ते जाणार नाही. आणि हे सगळं लेकीच्या तोंडून, होळीच्या दिवशी, भरल्या तांड्यात.

"हे पाह्य पोरी," मी म्हणालो, "मासा मस्त वाढला हे खरं हाय ना? तेवढंच सांग. बाकीचं तुह्या कालेजात सांग. खोटं बोल म्हणून नाही म्हणत मी, पण बाप हाय तो."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या पांढऱ्या मिशांची लाज वाटली. रागानं नाही पाहिलं. तिनं फक्त विचारलं, "काका, तांड्यावर आधी काय असते? खोट का वाटा?"

इथं रीत सांगायला हवी. दुसऱ्या तांड्यांचं मला माहीत नाही, हरिसिंगच्या तांड्यात ती आहे. बोकड कापला की त्याचे ढीग लावतात. प्रत्येक ढिगात पाठीचा, पोटाचा, काळजाचा, सगळ्याचा तुकडा, आणि सगळे ढीग सारखे. पण वाटप सुरू होण्याआधी नायक हातात सुरी घेऊन उभा राहतो आणि ज्याचा बोकड त्याला सगळ्यांसमोर विचारतो, "खोट बोल." बोकड लंगडा होता, आजारी होता, म्हातारा होता, जे असेल ते मालकानं तिथं सांगायचं. ऐकून ज्याला वाटा नको त्यानं उठून जावं, त्याला कोणी बोल लावत नाही. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून यांचे पूर्वज मुलूखभर फिरायचे, त्या लदेणीच्या दिवसांतली ही रीत आहे म्हणतात. ओलं मीठ ओलं म्हणूनच विकायचं. म्हणून तर पुढच्या वर्षी त्याच गावात पाय ठेवता यायचा. आता बहुतेक वेळा मालक म्हणतो, "खोट नाही," आणि लोक हात पुढे करतात. विचारणं तेवढं राहिलं आहे.

मी पुन्हा गाडी सुरू केली. नाला ओलांडून ती थेट मांडवापाशी थांबवली.

सेवालाल महाराजांच्या देवळासमोर मांडव होता. पळस फुललेला, पोरं रंगाच्या बादल्या घेऊन पळत होती, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. इंद्रजितनं मांडवाच्या खांबाला भलंमोठं फ्लेक्स बांधलं होतं. त्यावर उडी मारणारा मासा आणि खाली शीलाचा कॉलेजातला फोटो. तो तिनं पहिल्यांदाच पाहिला असावा. ती त्याकडे पाठ करून खाली बसली. डबे उघडले. बर्फातून चांदीसारखे जिताडे निघाले, हातभर लांब, तेव्हा पोरंसुद्धा रंग विसरली. तिनं दोन डब्यांतले मासे दोन वेगळ्या पाटांवर ठेवले.

हरिसिंगनं पांढरा फेटा बांधला होता. तो उभा राहिला आणि त्यानं भाषण सुरू केलं. मला वाटलं, आता हा तास खाणार. पण त्यानं थोडंच सांगितलं, आणि ते मी जन्मात विसरणार नाही.

"आपल्या आज्या-पणज्यानं समुद्राचं मीठ बैलावर घालून या मुलकात आणलं," तो म्हणाला. "तवा आपल्याले घर नव्हतं, शेत नव्हतं. आज माही पोट्टी समुद्राचा मासा घेऊन आली. अन् तो मासा तुमच्या जवसावर वाढला. बस, मले यापेक्षा काही नाही पाह्यजे."

रुपीबाईनं पदर डोळ्याला लावला. देवसिंगसुद्धा मान हलवत होता. इंद्रजितनं मोबाइल उंच धरला होता. हरिसिंगनं कमरेची सुरी काढली, बापाकडून आलेली, लाकडी मुठीची. छाती पुढे काढून त्यानं लेकीला विचारलं, "खोट बोल!"

त्याला 'खोट नाही' ऐकायचं होतं. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. मलासुद्धा, खोटं कशाला बोलू.

"हाय, बा," शीला म्हणाली.

तिनं एका पाटाकडे हात केला.

"या पाटावरचे मासे फक्त जवसाच्या तेलावर वाढले. मोठे झाले, गुबगुबीत झाले. पण समुद्राच्या माशात जी चरबी असते, जिच्यासाठी हा मासा खायचा, ते याइच्यात निम्मी हाय. जवसानं मासा वाढते, त्याची ताकद वाढत नाही. हे याइची खोट."

"ताई," इंद्रजित पाकातला आवाज काढून पुढे आला, "हे सगळं बारीक शास्त्र झालं. लोकांना कशाला? मासा वाढला, एवढं म्हणा ना. मी पुन्हा रेकॉर्ड करतो."

"शास्त्र नाही, दादा," ती म्हणाली. "खोट हाय. अन् हे फलक खाली घ्या. त्याच्यावर माहा फोटो हाय, अन् बाजूले जे लिवलं ते खरं नाही."

रुपीबाई बायकांतून उठली. "याडीले सांग बाई, मंग आपलं जवस वाया गेलं का?"

शीला आईकडे वळली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं.

"नाही याडी. दुसऱ्या पाटावर पाह्य. हे मासेबी जवसावरच वाढले. पण शेवटच्या दिवसाइत मी याइले माशाचं तेल घातलं. होळीचा बोकड नाही का आपण सालभर रानात चारतो, अन् शेवटी घरी बांधून वेगळा चारा घालतो? तसं. तर याइच्यात ते चरबी लय वापस आली. पुरी नाही आली, थोडी कमीच हाय. पण आली. जिथं चार डबे माशाचं तेल लागत होतं तिथं आता एक पुरते. तीन डब्याइचे बारके मासे समुद्रातच राह्यतीन. ते आपल्या जवसाचं काम."

माझ्या शेजारी कोणीतरी "वा" म्हणालं. पण बाकी मांडव हरिसिंगकडे पाहत होता. तो तसाच उभा होता, हातात सुरी, फेट्याचा शेमला खांद्यावर. मी त्याला शेतात पीक बुडताना पाहिलं आहे, भाऊ वारला तेव्हा पाहिलं आहे, पण असा कधी पाहिला नाही. देवसिंग हळूच म्हणाला, "नायक, आता?" त्या शब्दांत चिडवणं होतं की काळजी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

हरिसिंगनं हातातल्या सुरीकडे पाहिलं.

"हे सुरी माह्या बापानं मले देल्ली, तवा येकच गोष्ट इचारली. म्हणे, सोताच्या बोकडाची खोट सांगशीन का? दुसऱ्याच्या बोकडाची कोणीबी सांगते. मी म्हणलो, सांगीन. पण खरं सांगू का, माहे बोकड चांगलेच निंघाले. मले कवा सांगाच लागली नाही." तो थांबला. "मी दोन तालुक्यात बोंबलत फिरलो, अन् आज वेळ आली त तुह्यावर. अन् तू सांगतली."

त्यानं सुरी फिरवली. पातं आपल्या मुठीत धरून लाकडी मूठ लेकीपुढे केली.

त्या तांड्यात बाईनं वाटा लावलेला मी कधी पाहिला नव्हता. सुरी नायकाकडून नायकाच्या लेकाकडे जायची, लेक नसेल तर पुतण्याकडे. हरिसिंगचा थोरला, सुनील, तिथंच उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. सुनीलनं पुढे होऊन पाट सरळ केला आणि बहिणीला जागा करून दिली.

"घे," हरिसिंग म्हणाला. "आजपासून वाटा तू लावजो. ज्याले नाही पाह्यजे त्यानं उठून जा बाप्पा, कोणी काही म्हणत नाही."

शीलानं सुरी घेतली. मग तिनं असे तुकडे पाडले की काय सांगू. प्रत्येक पत्रावळीवर पाठीचा एक, पोटाचा एक, शेपटीकडचा एक. एका पाटावरचा आणि दुसऱ्या पाटावरचाही. सगळे ढीग सारखे. तिनं कॉलेजात हे रोज केलं असेल, पण बायका तर लग्नातल्या मुंडावळ्या पाहाव्यात तशा पाहत होत्या. हरिसिंग तिच्या मागे हात बांधून उभा होता. महागावात, ढाणकीत, त्या कापसाच्या काट्यापाशी मी त्याला शंभरदा फुशारताना पाहिलंय. पण तो अभिमान नव्हताच. अभिमान मी त्या दिवशी पाहिला. त्याच्या तोंडातून एक शब्द निघत नव्हता.

इंद्रजितनं मोबाइल खिशात घातला आणि फ्लेक्सच्या गाठी सोडायला लागला. सुनील त्याला मदत करायला गेला. तेव्हा हरिसिंग म्हणाला, "भाऊ, जेवून जा. तुमाले खोट सांगतली हाय, आता वाटा घ्या." इंद्रजित थांबला नाही. त्याची मर्जी.

तो सोडून मांडवातून कोणी उठून गेलं नाही. माझं लक्ष होतं. ढीग लागले, आणि पहिली उठली रुपीबाई. दर होळीला बायकांचा वाटा पुरुषांच्या मागून निघायचा. ती सरळ पुढे आली, पत्रावळ उचलली आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. तिच्या मागे बायकांची रांग लागली. त्या रांगेच्या मागे देवसिंग उभा राहिला.

आणि देवसिंगच्या मागे मी.

त्यानं वळून पाहिलं. त्याच्या दातांत अजून काडी होती.

"काहो पाटील, तुमी इथं कायले? तुमच्या घरी त माळ हाय. तुमी मासा कवापासून खाऊन राह्यले?"

"मासा कोण घेऊन राह्यलं बे?" मी म्हणालो. "मी वाटा घेऊन राह्यलो. सरक पुढं."